तूसाँ लूव्हेर्त्यूर आणि हक्कांचा अर्थ

मानवी हक्कांचा इतिहास सांगताना आपण लॉक आणि रूसो यांच्यापासून आरंभ करतो, १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यापाशी क्षणभर थांबतो आणि तेथून थेट १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या घोषणेवर येतो. वर्गात शिकवावयास हा मार्ग सोयीचा आहे, पण त्यात मोठी गफलत आहे. निसर्गदत्त स्वातंत्र्याचा सिद्धान्त मांडणाऱ्या लॉकचे भांडवल गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतलेले होते. आणि मनुष्यमात्राच्या समान हक्कांची ग्वाही देणाऱ्या पॅरिसच्या सभेने वसाहतींतील गुलामगिरीस हात लावला नाही. ‘मनुष्य’ या शब्दात काळा गुलाम येतो की नाही, हा प्रश्न अखेर तत्त्वज्ञांनी नव्हे, तर कॅरिबियन समुद्रातील एका बेटावरील गुलामांनी निकालात काढला. तूसाँ लूव्हेर्त्यूर हा त्यांचा पुढारी.

सँ-दोमँग, म्हणजे आजचा हैती, ही तेव्हा फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती. उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत सुमारे पाच लाख गुलाम राबत, आणि इतक्या झपाट्याने मरत की आफ्रिकेतून नवी माणसे सतत आणावी लागत. तेथील ब्रेदा नावाच्या मळ्यावर १७४३ च्या सुमारास तूसाँचा जन्म झाला. जनावरांची निगा आणि गाडीवानी करता करता तो वाढला. तिशीनंतर तो गुलामीतून मुक्त झाला आणि पुढे काही काळ त्याने कॉफीचा एक मळा भाड्याने चालविला. त्या मळ्यावर गुलामही होते! त्याच्या भक्तांना ही गोष्ट अवघड वाटते. पण ती दडवून त्याचे चरित्र नीट समजणार नाही.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मळे पेटले. पन्नाशीकडे झुकलेला तूसाँ बंडवाल्यांत वैद्य आणि लेखनिक म्हणून सामील झाला. आरंभी सर्वांच्या मुक्ततेचा आग्रहदेखील पुढाऱ्यांनी धरला नव्हता. मोजक्या नायकांना मुक्त करावे, बाकीच्यांना मळ्यांवर परत धाडू, इथपर्यंत त्या वर्षअखेरीच्या वाटाघाटी उतरल्या होत्या. मळेवाल्यांनी मग्रुरीने तेही धुडकावले. सार्वत्रिक हक्काची कल्पना कोणा ग्रंथातून तयार होऊन आलेली नसते, ती अशा नकारांतून घडत जाते, हे या प्रसंगावरून ध्यानात येते. १७९३ पर्यंत तूसाँ सर्वांच्या स्वातंत्र्याची भाषा उघडपणे बोलू लागला होता. त्याच वर्षी फ्रेंच आयुक्त सोंतोना याला उत्तर प्रांतात गुलामगिरी रद्द करणे भाग पडले, आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या कन्व्हेन्शनने सर्व वसाहतींसाठी तसा ठराव केला. बेटावर जे घडून गेले होते, त्यावर पॅरिसने शिक्का मारला, इतकेच.

स्पेनची चाकरी सोडून तूसाँ फ्रान्सच्या बाजूस आला, १७९८ मध्ये त्याने इंग्रजांना बेटावरून काढता पाय घ्यावयास लावला आणि १८०१ मध्ये स्वतःची राज्यघटना जारी केली. तिने गुलामगिरी कायमची बाद ठरविली. त्याच घटनेने त्याला तहहयात राज्यपालही केले. निर्यातीवाचून सैन्य पोसता येत नव्हते, म्हणून त्याने मुक्त झालेल्या शेतमजुरांना लष्करी शिस्तीने पुन्हा मळ्यांशीच बांधले, आणि त्याविरुद्ध उठाव झाला तेव्हा आपल्या मोईझ नावाच्या पुतण्याला गोळ्या घालण्याचा हुकूम दिला. अडचण खरी होती. तरीही येथे तूसाँची बाजू घेणे मला शक्य होत नाही.

१८०२ मध्ये नेपोलियनचा मेहुणा लक्लेर मोठी फौज घेऊन उतरला. तूसाँला बोलणी करण्याच्या मिषाने पकडण्यात आले आणि फ्रान्सच्या डोंगराळ भागातील फोर द झू या किल्ल्यात कोंडण्यात आले. तेथील थंडीत ७ एप्रिल १८०३ रोजी तो मरण पावला. दरम्यान ग्वादलूप बेटावर गुलामगिरी परत येत असल्याची वार्ता बेटावर पोहोचली होती. तूसाँचे बरेच सेनापती तेव्हा अद्याप लक्लेरच्या चाकरीत होते. प्रथम उठले ते मळ्यांवरील मजूर. सेनापती मागाहून त्यांना मिळाले. १ जानेवारी १८०४ रोजी देसालीनने स्वातंत्र्याची घोषणा केली.

या स्वातंत्र्याला मान्यता देण्यासाठी फ्रान्सने १८२५ मध्ये पंधरा कोटी फ्रँक मागितले. मळेवाल्यांची मालमत्ता बुडाली, त्याची ही भरपाई; आणि त्या मालमत्तेत माणसेही धरलेली होती. पुढे ही रक्कम नऊ कोटींवर आली, तरी ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जाचे ओझे विसाव्या शतकापर्यंत पुरले. १९४८ च्या डिसेंबरात गुलामगिरीला बंदी करणारी मानवी हक्कांची घोषणा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे आली, तेव्हा ती मांडणाऱ्या समितीचे प्रतिवेदक हैतीचे एमील सँ-लो होते.