जॉर्ज वॉशिंग्टन : राष्ट्राध्यक्षपद आणि शेवटची वर्षे



जॉर्ज वॉशिंग्टन म्हटलं की चेरीच्या झाडाची गोष्ट आठवते. छोटा जॉर्ज कुऱ्हाडीने वडिलांचं झाड तोडतो आणि न घाबरता खरं सांगतो. मूल्यशिक्षणाच्या तासाला ही गोष्ट हमखास सांगितली जाते. पण तिला कसलाही पुरावा नाही. मेसन वीम्स या लेखकाने ती वॉशिंग्टन यांच्या मृत्यूनंतर, १८०६ साली त्यांच्या चरित्राच्या नव्या आवृत्तीत घातली. खरेपणा शिकवायला रचलेली गोष्ट कशाला? त्यांच्या शेवटच्या दहा वर्षांत मुलांना सांगण्यासारखं, विचारात पाडणारं खूप काही आहे.

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन यांनी अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली. सर्व निर्वाचकांनी त्यांनाच मत दिलं होतं. विचार करा, त्यांच्यापुढे नमुना म्हणून कोणीच नव्हतं. राष्ट्राध्यक्षाला काय म्हणायचं, इथपासून वाद होता. काही जणांना राजाला शोभेल अशी भारदस्त पदवी हवी होती. शेवटी साधं 'मिस्टर प्रेसिडेंट' ठरलं, ते आजही चालू आहे.

कारभार सोपा नव्हता. अर्थमंत्री हॅमिल्टन आणि परराष्ट्रमंत्री जेफरसन यांचं पटत नसे. वॉशिंग्टन यांनी दोघांनाही सोबत ठेवण्याचा प्रयत्न केला, तरी दोन गट पडलेच. १७९३ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनचं युद्ध पेटलं, तेव्हा नवा देश त्यांनी तटस्थ ठेवला. लोकांनी टीका केली, वर्तमानपत्रांनी तर सोडलंच नाही.

दोन कार्यकाळ झाले. तिसऱ्यांदा उभे राहायला कायद्याची आडकाठी नव्हती. तरी सप्टेंबर १७९६ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रातून निरोपाचं पत्र छापून आणलं. गटबाजीपासून सावध राहा, असं त्यात बजावलं आणि मार्च १७९७ मध्ये जॉन ॲडम्स यांच्याकडे पद सोपवून ते व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन या आपल्या शेतीवर परतले. दोन कार्यकाळांचा हा पायंडा पुढे १९४० पर्यंत कोणी मोडला नाही.

इथपर्यंतचा भाग पुस्तकांत सापडतो. पुढचा भाग मुलांना सहसा सांगितला जात नाही.

स्वातंत्र्यासाठी लढलेल्या या माणसाच्या घरात गुलाम होते. अकराव्या वर्षी वडील वारले, तेव्हा शेतीबरोबर दहा गुलामही त्यांच्या वाट्याला आले. राष्ट्राध्यक्ष असताना राजधानी फिलाडेल्फियाला होती. तिथल्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला की मुक्त होई. म्हणून वॉशिंग्टन मुदत भरण्याआधीच आपल्या गुलामांना राज्याबाहेर पाठवून परत आणत.

मे १७९६ मध्ये घरातली मंडळी जेवत असताना ओना जज ही तरुण दासी गुपचूप निघून गेली. ती वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांची खास सेविका होती. मार्थांच्या नातीला तिला देऊन टाकायचं ठरलं होतं. ती जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. तिला परत आणायचे प्रयत्न झाले, पण ती सापडूनही परतली नाही. गरिबीत राहिली, वाचायला शिकली आणि १८४८ मध्ये वारली. कायद्याने मात्र ती शेवटपर्यंत गुलामच होती.

जुलै १७९९ मध्ये वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्र लिहिलं. माउंट व्हर्ननवर तेव्हा ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे होते. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांना मुक्त करावं, म्हाताऱ्यांना सांभाळावं आणि अनाथ मुलांना लिहायला-वाचायला शिकवावं, असं त्यांनी लिहून ठेवलं. शिक्षकांनी ही शेवटची अट लक्षात घ्यावी. बाकीच्यांपैकी बहुतेक जण मार्थांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतले, त्यांना मुक्त करायचा हक्क वॉशिंग्टन यांना नव्हता. त्यामुळे कितीतरी घरांत नवरा मुक्त आणि बायको-मुलं गुलाम अशी ताटातूट झाली.

१२ डिसेंबरला बर्फ पडत असताना ते घोड्यावरून शेत पाहून आले आणि ओल्या कपड्यांतच जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी घसा दुखू लागला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे वैद्यांनी बरंच रक्त काढलं. १४ डिसेंबर १७९९ च्या रात्री, वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. मार्थांनी १ जानेवारी १८०१ रोजी त्या १२३ जणांना मुक्त केलं. देशातली गुलामगिरी संपायला मात्र १८६५ उजाडलं. त्या कार्यासाठीच महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला.

वर्गात किंवा घरी मुलांना दोन प्रश्न जरूर विचारा. वॉशिंग्टन यांनी मिळत असलेली खुर्ची का सोडली असेल? आणि राष्ट्राध्यक्षांच्या घरात अन्न-वस्त्र मिळत असतानाही ओना का निघून गेली असेल? उत्तरं आपण आधी सांगू नका. मुलांना बोलू द्या.