जांबच्या नारायणाची चिंता

आमच्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. तेथे इ.स. १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. पुढे महाराष्ट्र त्याला समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला. गावोगाव मारुती बसवणारे, तरुणांना व्यायामाची गोडी लावणारे समर्थ आपण शाळेपासून ऐकतो. मला मात्र त्यांच्या चरित्रातली चिंतेची गोष्ट वारंवार आठवते.

नारायण लहान असतानाच वडील गेले. एकदा तो घरात दिसेना. आईने शोधले, तर अंधाऱ्या अडगळीत एकटाच बसलेला सापडला. आपण साऱ्या जगाची काळजी करत आहोत, असे त्याने आईला सांगितल्याची कथा आहे. घराघरांत ती कौतुकाने सांगतात. अंधारात बसलेले ते पोर डोळ्यांपुढे आले की मला मात्र आधी गलबलून येते.

बाराव्या वर्षी तो लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेला, असे परंपरा सांगते. नाशिकजवळ टाकळीला त्याने बारा वर्षे काढली. पहाटे नदीत उभे राहून जप, सूर्यनमस्कार, माधुकरी, ग्रंथवाचन असा रोजचा नेम होता. १६३० चा भीषण दुष्काळ त्याच काळातला. पुढची बारा वर्षे पायी देश पाहण्यात गेली. ओस पडलेली गावे आणि लोकांचे हाल समर्थांनी स्वतः वर्णन करून ठेवले आहेत. जांबला परतले तेव्हा आईची दृष्टी गेली होती, असे सांगतात. पुढे ते कृष्णाकाठी गेले. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले आणि शके १६०३ मध्ये सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला.

एवढा खंबीर माणूस करुणाष्टकांत स्वतःच्या मनाची तळमळ उघडपणे मांडतो. मनाच्या २०५ श्लोकांत तो मनावर नुसता डाफरत नाही. हट्टी मुलाला समजवावे तसे तेच तेच, न कंटाळता सांगत राहतो.

हे नव्याने वाचायला निमित्त झाले माझ्या धाकट्या बहिणीचे. एसटीत बसली की तिची छाती धडधडे, हात गार पडत, आता आपण जाणार असे वाटे. हृदयाचा आलेख चांगला निघाला. डॉक्टरांनी हे पॅनिक अ‍ॅटॅक असल्याचे सांगितले. मुख्य औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून तोवरच्या आधाराला अल्प्राझोलामची सावकाश विरघळणारी गोळी दिली.

नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मात्र, समर्थांच्या जिल्ह्यातली मुलगी मनाने इतकी कच्ची कशी, असे तिला ऐकवले. तिने शरमेने गोळी एका रात्रीत बंद केली. दोन रात्री ती थरथरत जागी होती. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि मात्रा हळूहळू उतरवत नेली.

ही गोळी मेंदूतल्या शांतवणाऱ्या रसायनाचे काम वाढवते. पोटात ती तासन्‌तास थोडी थोडी सुटते, म्हणून ती फोडायची, कुटायची किंवा चावायची नसते. दारूसोबत तर ती जिवावर बेतू शकते. गुंगी येते, त्यामुळे गाडी चालवणे टाळावे. म्हाताऱ्या माणसांना तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. फार दिवस घेतली तर सवय लागते आणि अचानक सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. म्हणूनच ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देण्यास कायद्याने मनाई आहे. शेजारणीला गुण आला म्हणून तिच्या डबीतली घेण्याची ही वस्तू नव्हे. सुरू करणे आणि थांबवणे, दोन्ही डॉक्टरांच्या हिशेबानेच व्हावे.

बहीण आता गोळीशिवाय एसटीने अंबडला जाते. मुख्य औषध, समुपदेशन आणि सकाळचे चालणे चालू आहे. रात्री ती मनाचे श्लोकही म्हणते. यांतले एकही दुसऱ्याच्या आड येत नाही.

समर्थांचे नाव घेऊन घाबरलेल्या माणसाला लाजवणाऱ्यांनी त्यांचे चरित्र पुन्हा वाचावे. अडगळीत बसलेल्या त्या मुलाला राणूबाईंनी शोधून काढले होते. आपल्याही घरात कुणी असे अंधारात बसले असेल, तर आधी त्याला शोधावे आणि जवळ बसून त्याचे ऐकावे.