माती वाचणारे डॉ. सांकलिया

अंबाबाईच्या देवळात जाताना दारात एक चौकट लागते. तिच्यातून गेलं की पीं पीं असा आवाज येतो. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल असलं तरी ती ओरडते. तिला मेटल डिटेक्टर म्हणतात. काठीच्या टोकाला चकती लावलेलं, हातात धरायचं मशीनही असतं. ते जमिनीवरून फिरवलं की खाली पुरलेला धातू कळतो. पण जमिनीत काय आहे हे मातीच्या थरांवरून ओळखणारे एक थोर पुरुष होऊन गेले. त्यांनी आपल्या कोल्हापूरची जुनी कहाणी जमिनीतून वर काढली. त्यांचे नाव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबई येथे एका गुजराती कुटुंबात झाला. जन्मले तेव्हा ते फार अशक्त होते. हे मूल जगेल असे घरच्यांना वाटत नव्हते. पण ते जगले आणि पुढे उन्हातान्हात मैलोन् मैल चालले.

पंधरा वर्षांचे असताना त्यांनी लोकमान्य टिळकांचे एक पुस्तक वाचले. आर्य लोकांचे मूळ घर कुठे होते, याविषयी ते पुस्तक होते. त्यांना ते सगळे काही समजले नाही. तरी त्यांनी ठरवून टाकले की आपण जुन्या काळाचाच अभ्यास करायचा. मग ते संस्कृत शिकले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास यांच्या हाताखाली त्यांनी नालंदा विद्यापीठाचा अभ्यास केला. वकिलीची परीक्षाही ते पास झाले, पण वकिली केली नाही.

नंतर ते लंडनला शिकायला गेले. १९३६ साली गुजरातच्या पुरातत्त्वावर निबंध लिहून त्यांनी पीएच.डी. मिळवली. इंग्लंडमध्ये मॉर्टिमर व्हीलर नावाचे साहेब मेडन कॅसल या ठिकाणी खोदकाम करत होते. सांकलिया तिथे काम शिकायला राहिले.

खोदायला काय शिकायचं, कुदळ मारली की झालं, असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही. आधी जमिनीवर दोरी लावून चौकोन आखायचे. दोन चौकोनांच्या मध्ये मातीचा बांध तसाच ठेवायचा. त्या बांधावर मातीचे थर दिसतात. मग एकेक थर हळूहळू काढायचा. जी वस्तू मिळेल ती कोणत्या थरात, किती खोल मिळाली, हे लगेच लिहून ठेवायचे.

थर म्हणजे काय ते आमच्या गुरुजींनी भिंतीवर दाखवलं. जुन्या भिंतीचा पोपडा निघाला की खाली निळा रंग दिसतो. त्याच्याखाली पिवळा, आणि अगदी तळाला पांढरा चुना. जो सगळ्यात खाली, तो सगळ्यात जुना. जमिनीचंही तसंच असतं.

१९३९ साली डॉ. सांकलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. ते नुसते वर्गात बसून शिकवत नसत. नदीकाठाने हिंडत, दगड आणि खापरे उचलून बघत. नाशिकजवळ गोदावरीच्या काठी गंगापूरला त्यांना आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. आपण ज्याला नुसता दगड म्हणू, त्याच्यावर त्यांना माणसाचा हात दिसे.

आता आपल्या कोल्हापूरची गोष्ट. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथे जुन्या वस्तू मिळत, म्हणून राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांनी तिच्याकडे लक्ष दिले. १९४४-४५ च्या सुमारास तिथे तांब्याकाशाच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. त्यात पोसायडन या समुद्राच्या देवाची मूर्ती होती. हा देव आपल्याकडचा नाही, तो ग्रीक आणि रोमन लोकांचा. मूर्ती एका वितीपेक्षाही लहान आहे. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमची शान आहे.

मग १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी ब्रह्मपुरीला शिस्तीने खोदकाम केले. वरच्या थरांत बहामनी काळातल्या वस्तू निघाल्या. खूप खाली गेल्यावर सातवाहन राजांच्या काळातली विटांची घरे लागली. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी इथे चांगलं गाव होतं. रोमचा माल समुद्रातून कोकणच्या किनाऱ्यावर यायचा आणि घाट चढून आपल्या पंचगंगेपर्यंत पोचायचा! हे वाचून मला फार नवल वाटलं.

आता त्या मशीनविषयी सांगतो. त्याच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज गेली की भोवती चुंबकासारखा परिणाम होतो. जवळ धातू आला की त्यात बदल होतो आणि मशीन आवाज करतं. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली असं यंत्र बनवलं होतं. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या अंगात गोळी अडकली होती, ती शोधायला. पण गोळी काही सापडली नाही. इंग्लंडात काही हौशी लोक शेतमालकाला विचारून शेतात असं मशीन फिरवतात. नव्या मशीनला पुष्कळ बटणे असतात. लोखंडाचा आवाज कोणता, तांब्याचा कोणता, हे कळायला बरेच दिवस सराव करावा लागतो. तरी बाटलीचं झाकण नाण्यासारखंच वाजतं आणि माणूस फसतो.

पण मशीनला फक्त धातू कळतो. तो कोणाचा, किती जुना, हे कळत नाही. ते मातीचा थर सांगतो. आवाज आला म्हणून कोणी भसकन खड्डा केला आणि नाणं उपसलं, तर नाणं हातात येतं पण थर मोडतो. भिंतीचा पोपडा एकदा खरवडला की परत चिकटवता येत नाही, तसंच हे.

डॉ. सांकलिया यांनी पुढे संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी खोदकाम केले. तिथे तांब्याच्या कुऱ्हाडी आणि काळ्या नक्षीची लाल मडकी मिळाली. ज्ञानेश्वर माउलींच्या नेवाशालाही त्यांनी खोदले. १९६८ पासून शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षे काम केले. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं आख्खं गाव निघालं. घरे, चुली आणि जळालेले जवाचे दाणेसुद्धा मिळाले. मशीन असतं तर ते या दाण्यांवरून गप्प निघून गेलं असतं. आणि ते लोक काय पिकवत, काय खात, हे आपल्याला कधीच कळलं नसतं.

१९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. २८ जानेवारी १९८९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी शिकवलेले विद्यार्थी पुढे मोठे संशोधक झाले.

मित्रांनो, आपल्याकडं नांगरताना किंवा पाया काढताना कधी जुनं नाणं, भांडं, खापर वर येतं. काही लोक गुप्तधनाच्या नादाने रात्री जुन्या जागा उकरतात. ते फार वाईट. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवावं लागतं. तसा १८७८ सालचा कायदा आहे. म्हणून तुम्हाला काही सापडलं तर ते घासू नका, विकू नका, आजूबाजूला आणखी उकरू नका. कुठे आणि किती खोल मिळालं ते वहीत लिहा. मग घरी, गुरुजींना आणि तलाठ्यांना सांगा. आपल्या गावाचं पुस्तक मातीत आहे. त्याची पानं आपणच फाडू नयेत.

थोर संशोधक डॉ. सांकलिया यांना माझे वंदन.

इयत्ता चौथी