मोजणी खात्यातला माणूस : जॉन टिंडल

आमच्या इंदुरात मे महिन्यातही रात्री गच्चीवर झोपायची रीत होती. दिवसभर लू चाललेली असली तरी पहाटे अंगावर चादर ओढावी लागे. 'शब-ए-मालवा' म्हणून जिचे नाव झाले ती हीच रात्र. दुपारी चाळिशी गाठलेला पारा पहाटेपर्यंत पंधरा-सोळा अंश उतरतो. श्रावणात मात्र दिवसाचा आणि पहाटेचा पारा यांत सहा-सात अंशांचेच अंतर राहते. कोरडी हवा जमिनीची उष्णता रात्री वर आकाशात जाऊ देते. दमट हवा आणि ढग तिला अडवतात.

हवेतले बाष्प उष्णता अडवते हे प्रयोगशाळेत मोजून दाखवले जॉन टिंडल या आयरिश माणसाने. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'टिंडल परिणाम' असतो ना, कवडशात धुळीचे कण चमकताना दिसतात तो, त्यातलाच हा टिंडल. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटते ती मात्र दुसऱ्याच कारणाने. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन सरकारी नोकरीत लागलेला उपयंत्री. टिंडलनेही सुरुवात केली ती सरकारी मोजणी खात्यात, पदवीशिवाय.

त्याचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडच्या कार्लो परगण्यातल्या लेहलिनब्रिज या गावी झाला. वडील पोलिसात साधे शिपाई. घरची स्थिती बेताची, पण गणित आणि भूमिती एका चांगल्या मास्तरांकडे पक्की झाली. १८३९ साली तो मोजणी खात्यात लागला, पुढे बदली होऊन इंग्लंडमध्ये प्रेस्टनला गेला. तिथे आयरिश सहायकांना पगार कमी आणि वागणूक वाईट. टिंडलने याविरुद्ध लेखी आवाज उठवला आणि १८४३ साली त्याला नोकरीवरून काढून टाकले. अर्ज करण्याआधी दहादा विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या वेळी त्याच्या घरी काय वाटले असेल ते सांगायला नको.

मग इंग्लंडात रेल्वेची लाट आली आणि मोजणीदारांना सुगीचे दिवस आले. टिंडल तीन वर्षे लोहमार्गांचे नकाशे करत राहिला. पैसा मिळत होता, तरी १८४७ साली ते सोडून हॅम्पशायरमधल्या क्वीनवूड कॉलेजात शिकवायला गेला आणि दुसऱ्याच वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाला. गाठीला होती ती स्वतःची बचत. प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन तिथे शिकवत असत. दोन वर्षांच्या आत डॉक्टरेट घेऊन तो परतला. १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाला, थेट मायकेल फॅरडेचा सहकारी.

प्राध्यापक झाला तरी मोजणी सुटली नाही. आल्प्समधल्या मेर द ग्लास या हिमनदीवर आडव्या रांगेत खुंट्या ठोकून त्याने थिओडोलाइटने बर्फ रोज किती सरकतो ते मोजले. १८५९ च्या डिसेंबरअखेर, कडाक्याच्या थंडीत, तो पुन्हा तिथे गेला, हिवाळ्यातला वेग मोजायला. वेग उन्हाळ्याच्या जवळजवळ निम्मा भरला. एके काळी युरोपचा बराच भाग अशाच बर्फाखाली होता हे तेव्हा नुकतेच मान्य होऊ लागले होते. मग ते बर्फ आले कशाने आणि गेले कशाने, हा प्रश्न उरलाच होता.

वातावरण पृथ्वीची उष्णता धरून ठेवत असावे असा तर्क फ्रान्सच्या फूरियेने १८२० च्या दशकातच मांडला होता. पण हवेतला नेमका कोणता वायू हे काम करतो? वायू पारदर्शक, त्यातून उष्णतेचे किरण आरपार जात असणार, असाच समज होता. टिंडलने सुमारे चार फूट लांबीची पितळी नळी घेतली. तिच्या तोंडांना काच लावून चालणार नव्हते, कारण काच उष्णतेचे किरण स्वतःच गिळते. म्हणून त्याने सैंधवाच्या चकत्या बसवल्या, आपल्या उपासाचे तेच सैंधव. एका टोकाला उकळत्या पाण्याचे भांडे, दुसऱ्या टोकाला उष्णतेचे विजेत रूपांतर करणारा थर्मोपाइल, आणि त्याला जोडलेला गॅल्व्हानोमीटरचा काटा. फरक इतका बारीक की काटा हलेना. म्हणून त्याने थर्मोपाइलच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढीच उष्णता देऊन काटा तराजूसारखा शून्यावर आणला. आता नळीत वायू भरल्यावर जरासाही फरक पडला तर काटा ढळणार. तारेवरच्या हिरव्या रेशमाच्या रंगात लोहाचा अंश होता, त्यानेही काटा चुकायचा. मग पांढरे रेशीम गुंडाळले. ज्याने शेतात दुर्बीण लावून दिवसभर एका चुकीचा माग काढला आहे त्याला हे वाचताना घरचेच वाटेल.

१८५९ च्या मे महिन्यात काटा नीट बोलू लागला. हवेचा नव्याण्णव टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेला जवळजवळ अडवतच नाहीत. अडवतात ते बाष्प, कार्बन डायऑक्साइड असे थोडके वायू. त्यांचे प्रमाण बदलले तर हवामान बदलेल, हेही त्याने नोंदवून ठेवले.

इथे एक हिशेब चुकता करायला हवा. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्येच काचेच्या नळकांड्या उन्हात ठेवून पाहिल्या होत्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल असे त्यांनी लिहिलेही. जमिनीकडून वर जाणारे उष्णतेचे किरण वेगळे काढून मोजले ते टिंडलने. पण टिंडलच्या लेखांत बाईंचे नाव नाही आणि पुढची दीडशे वर्षे ते कोणाला आठवलेही नाही. माझ्या मते मान दोघांना हवा.

पुढे १८९६ साली स्वीडनच्या आर्हेनियसने हातानेच आकडेमोड करून कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल असे काढले. आजचा अंदाज सुमारे तीन अंशांचा आहे. आणि १९५८ पासून हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंगने रोजची मोजणी सुरू केली. त्याचे यंत्र म्हणजे नात्याने टिंडलच्या नळीचे नातवंडच: नळीत हवा, एका बाजूने उष्णतेचे किरण, दुसऱ्या बाजूला किती पोचले त्याची नोंद. तेव्हा दहा लाख भाग हवेत कार्बन डायऑक्साइडचे ३१५ भाग होते. आता ४२० च्या वर आहेत.

टिंडलने आणखी पुष्कळ केले. १८६१ मध्ये वाइसहॉर्न हे अजिंक्य शिखर दोन वाटाड्यांसह सर केले, अमेरिकेतल्या व्याख्यानांचा नफा तिथल्याच विज्ञानशिक्षणाला देऊन टाकला. लग्न मात्र उशिरा केले, १८७६ साली, लुइसा हॅमिल्टनशी. ती त्याच्या कामात पुरती मिसळून गेली. उतारवयात त्याला निद्रानाशाने गांजले, रात्री झोपेसाठी क्लोरल घ्यावे लागे. ४ डिसेंबर १८९३ रोजी पोटाच्या औषधाऐवजी लुइसाच्या हातून चुकून क्लोरलचाच मोठा डोस गेला. चूक दोघांच्याही लगेच ध्यानात आली. डॉक्टरांनी दिवसभर शर्थ केली, पण त्याच दिवशी तो गेला.

लुइसा त्यानंतर ४७ वर्षे जगली. नवऱ्याची पत्रे, रोजनिशा, टिपणे तिने गोळा केली. चरित्र आपणच लिहायचे असे तिच्या मनात होते. काम तिच्या हातून पुरे झाले नाही आणि कागदही दुसऱ्या कोणाला लवकर मिळाले नाहीत. १९४० साली ती वारली. चरित्र निघाले १९४५ मध्ये. तोवर टिंडलला ओळखणारे बहुतेक सगळे गेले होते.