वृद्ध सेनापती, तरुण फौज

खाम नदीकाठच्या आमच्या छावणीत निवृत्तीचे वय व नवी भरती यांची गोष्ट निघाली की, या शहराचा संस्थापक मलिक अंबर आठवतो. अ‍ॅबिसिनियातून गुलाम म्हणून आलेल्या या पुरुषाने १६१० त खडकी वसविली व मराठी स्वार हाताशी धरून मोगलांस जेरीस आणिले. भरतीत त्याचा हात सढळ होता. अधिकार सोडण्यात नव्हे. १६२४ त भातवडीची लढाई जिंकिली तेव्हा तो पंचाहत्तरीच्या घरात होता! तेथे गाजलेले तरुण शहाजीराजे लवकरच विजापूरकरांकडे गेले. १६२६ त अंबर वारला, तोही अधिकारावर असतानाच. राज्याचा भार पेलील असा सेनापती त्याने मागे ठेविला नाही, हा दोष आम्ही त्याच्याच पदरी घालतो. पुत्र फत्तेखान याने १६३३ त दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला.