गर्ट्रूड एलियन

गर्ट्रूड बेल एलियन (२३ जानेवारी १९१८ – २१ फेब्रुवारी १९९९) या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ व औषधशास्त्रज्ञ होत्या. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे ॲझाथायोप्रिन आणि हर्पिस गटातील विषाणूंना आवर घालणारे ॲसायक्लोव्हिर ही दोन्ही औषधे त्यांच्या संशोधनातून पुढे आली. पहिल्या प्रकारच्या औषधांनी रुग्णाची प्रतिकारशक्ती दबते आणि ती दबली की शरीरात सुप्त असलेले विषाणू डोके वर काढतात. या पेचाच्या दोन्ही बाजूंवर एकाच शास्त्रज्ञाने काम केल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. जॉर्ज हिचिंग्ज व जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत त्यांना १९८८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रारंभिक जीवन

एलियन यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. त्यांचे वडील लिथुआनियातून आलेले दंतवैद्य होते. १९२९ च्या शेअर बाजारातील मंदीत घरची स्थिती ढासळली. मात्र हंटर महाविद्यालयात शुल्क नसल्यामुळे त्यांचे शिक्षण होऊ शकले. त्या पंधरा वर्षांच्या असताना आजोबा पोटाच्या कर्करोगाने वारले. त्या दुःखातूनच त्यांनी रसायनशास्त्राची वाट धरली.

१९३७ मध्ये पदवी मिळूनही स्त्री असल्यामुळे त्यांना प्रयोगशाळेत स्थान मिळेना. काही काळ त्यांनी विनावेतन काम केले, शाळेत अध्यापन केले आणि १९४१ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी घेतली. त्याच वर्षी त्यांचा नियोजित वर हृदयाच्या जंतुसंसर्गाने मरण पावला. पेनिसिलिन त्यानंतर काही वर्षांतच सर्वत्र मिळू लागले. एलियन आजन्म अविवाहित राहिल्या. महायुद्धामुळे पुरुष कर्मचाऱ्यांची उणीव भासू लागली, तेव्हा त्यांना एका खाद्यपदार्थ प्रयोगशाळेत लोणच्याची आम्लता तपासण्याचे काम मिळाले.

१९४४ मध्ये त्या बरोज वेलकम कंपनीत हिचिंग्ज यांच्या सहायक झाल्या. पीएच.डी.साठी त्या सायंकाळच्या वर्गांना जात. पण पूर्णवेळ अभ्यासाची अट पुढे आली, तेव्हा त्यांनी नोकरी निवडली. ही पदवी त्यांना पुढे केवळ सन्मानार्थ मिळाली.

प्रत्यारोपणाशी संबंधित संशोधन

पेशीला विभाजनासाठी न्यूक्लिइक आम्लाचे घटक लागतात. त्या घटकांसारखे दिसणारे, पण पेशीचे काम अडवणारे रेणू तयार करावेत, अशी हिचिंग्ज व एलियन यांची पद्धत होती. यातून सिद्ध झालेले ६-मर्कॅप्टोप्युरिन १९५३ मध्ये बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरात आले. १९५९ मध्ये रॉबर्ट श्वार्ट्झ व विल्यम डेमशेक यांनी ते प्रतिकारशक्ती दडपते असे दाखवले. ब्रिटिश शल्यविशारद रॉय काल्न यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणात ते वापरून पाहिले. नंतर त्यांना याच प्रयोगशाळेतून ॲझाथायोप्रिन मिळाले. त्याच्या आधारे जोसेफ मरे यांनी १९६२ मध्ये बॉस्टन येथे मृत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसवले. त्यापूर्वीचे १९५४ मधील त्यांचे यश एकसारख्या जुळ्या भावांपुरते होते.

संधिवातावरील (गाउट) ॲलोप्युरिनॉल हे औषधही याच गटाने विकसित केले. ते ॲझाथायोप्रिनचे विघटन रोखते; त्यामुळे दोन्ही एकत्र देताना ॲझाथायोप्रिनची मात्रा बरीच कमी करावी लागते.

विषाणूविरोधी संशोधन

१९६८ नंतर एलियन विषाणूंकडे वळल्या. विषाणू मानवी पेशीच्याच यंत्रणेवर वाढतो. त्यामुळे पेशीला इजा न करता त्याला मारणे अशक्य आहे, असा त्या काळी समज होता. ॲसायक्लोव्हिरने तो दूर केला. हे औषध हर्पिस विषाणूच्या स्वतःच्या विकरामुळे सक्रिय होते, म्हणून बाधित नसलेल्या पेशी बहुतांशी सुरक्षित राहतात. त्याचे संशोधन १९७८ मध्ये जाहीर झाले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांमध्ये हर्पिसला प्रतिबंध करण्यासाठी ते लवकरच वापरले जाऊ लागले.

सायटोमेगॅलोव्हायरसवर मात्र ॲसायक्लोव्हिरचा प्रभाव अल्प असतो. त्यासाठी इतर संशोधकांनी त्याच धर्तीचे गॅनसायक्लोव्हिर विकसित केले. हा विषाणू बालपणी शिरून आयुष्यभर सुप्त राहतो आणि भारतातील बहुसंख्य प्रौढांमध्ये आढळतो. दात्यामध्ये तो असेल व ग्राहकाला पूर्वी त्याची बाधा झालेली नसेल, तर धोका सर्वाधिक असतो. म्हणून प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ठरावीक अंतराने पीसीआर चाचणी करून रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजतात. ते वाढू लागल्यास लक्षणे दिसण्यापूर्वीच उपचार सुरू होतात. मूत्रपिंडाला इजा करणाऱ्या बीके विषाणूवर खात्रीचे औषध नाही. तेथे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची मात्रा घटवावी लागते. मात्रा फार घटली तर अवयव नाकारला जातो आणि फार राहिली तर विषाणू बळावतो. नियमित तपासणीने हा तोल सांभाळला जातो.

भारतातील संदर्भ

भारतात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असे प्रत्यारोपण यशस्वी झाले. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला. महाराष्ट्रात मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांमार्फत होते. मराठवाड्यातील रुग्णांची नोंद संभाजीनगर समितीकडे असते.

उत्तरायुष्य

एलियन १९८३ मध्ये निवृत्त झाल्या, तरी सल्लागार म्हणून कार्यरत राहिल्या. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चॅपल हिल येथे त्यांचे निधन झाले.