आधी आपल्या घरी
कै. रे. नारायण वामन टिळक

गरसेकरांच्या देशातील ज्या मनुष्याची भुते प्रभूने काढिली, त्याची इच्छा प्रभूबरोबर राहण्याची होती. परंतु प्रभूने त्यास आपल्या घरी, आपल्या माणसांकडे पाठविले. परक्या गावी सुवार्ता सांगणे एक वेळ सोपे, पण घरी सांगणे किती अवघड, हे कवि टिळकांच्या चरित्रावरून चांगले कळून येते.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे ता. ६ डिसेंबर १८६१ रोजी चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या लक्ष्मीबाई ही बालवयातच त्यांची पत्नी झाली. सन १८९३ त नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात असता डब्यातील एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी प्रेमाने संभाषण केले, नव्या कराराची प्रत हाती दिली, आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. डोंगरावरील प्रवचन वाचताच टिळकांचे अंतःकरण वेधले गेले. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

अनोळखी मनुष्याने एका प्रवासात जे दिले, ते आपल्या घराच्या उंबरठ्याआत नेण्यास टिळकांस पाच वर्षे लागली.

बाप्तिस्म्याची वार्ता कानी पडताच लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. ज्यास टिळक जीवन समजत होते, तेच त्या माउलीस मरणाप्रमाणे वाटले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. काही काळ पंढरपुरासही होत्या. टिळक स्वभावाने उतावळे. तथापि येथे उतावळेपणाचा उपयोग नव्हता. ते पत्रे लिहीत, कविता करीत व वाट पाहत.

चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर लक्ष्मीबाई पतीजवळ येऊन राहिल्या, पण आपला धर्म व सोवळेओवळे सांभाळून. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. टिळकांनी त्यांवर बळजबरी केली नाही. पतीचे वर्तन व ख्रिस्ती लोकांचे प्रेम त्या रोज डोळ्यांनी पाहत होत्या. पुढे राहुरीस असता, जातिभेद देवाने केला की मनुष्याने, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. विचाराअंती तो मनुष्याचाच, असे ठरताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. सन १९०० त त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही कोणी ओढून आणलेली स्त्री नव्हे. ती आपल्या पायांनी चालत आली.

टिळक ता. ९ मे १९१९ रोजी मुंबईस प्रभूकडे गेले. त्यांनी आरंभिलेला 'ख्रिस्तायन' ग्रंथ अपुरा राहिला होता. ज्या पत्नीस त्यांनी घरीच लिहावाचावयास शिकविले, आणि जी या नावाने एके काळी रडली, तिनेच तो पुढे लिहिला. लक्ष्मीबाई सन १९३६ त निवर्तल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी कित्येकांची आई, पत्नी किंवा भाऊ अद्याप दूर असेल. त्यांच्याशी वाद घालून त्यांस जिंकू पाहू नका, आणि त्यांचे अश्रू तुच्छ मानू नका. बाजारात आपला उपदेश लोक घटकाभर ऐकतात. घरची माणसे आपले वर्तन आठही प्रहर वाचीत असतात. ते वाचण्याजोगे ठेवा, प्रार्थना करा, आणि धीराने वाट पाहा.